लघवीची तपासणी डबीपासून सुरू होते
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

उन्हाळा लागला की लघवीच्या तक्रारींची पत्रं वाढतात. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडली आहेत. बहुतेक पत्रांत एकच घोळ दिसतो: रिपोर्टवर भांडण होतं, पण डबी घरून कशी निघाली हे कोणी विचारत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (यावल तालुका): वडिलांना दोन दिवस बारीक ताप होता. सकाळी सहाला घरी लघवी डबीत घेतली आणि एसटीने जळगावला नेली. लॅबमध्ये द्यायला अकरा वाजले. रिपोर्ट आला: पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८, नायट्राइट पॉझिटिव्ह, बॅक्टेरिया तीन प्लस, ट्रिपल फॉस्फेटचे स्फटिक, पस सेल (पांढऱ्या पेशी) २ ते ३. घरातले घाबरले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्येच ताजी लघवी दिली, तर सगळं नॉर्मल. पैसे दोनदा गेले. खरा रिपोर्ट कोणता?

उत्तर: दुसरा. पहिल्या दिवशी लॅबने चूक केली असं मात्र म्हणता येणार नाही. अकरा वाजता डबीत जे होतं ते त्यांनी लिहिलं. ते वडिलांच्या मूत्राशयात सहा वाजता नव्हतं, एवढाच फरक.

लघवी ही जिवाणूंसाठी चांगली खुराक आहे. बाहेर पडताना त्वचेवरचे थोडे जिवाणू तिच्यात येतातच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि एसटीत मांडीवरच्या पिशवीतली डबी अंगाइतकी गरम राहते. जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात असं धरलं, तर पाच तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे हजार. त्यातले काही जिवाणू युरियाचा अमोनिया करतात, त्याने पीएच चढतो, आणि अल्कली लघवीत ट्रिपल फॉस्फेटचे स्फटिक जमतात. काही जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. तुमच्या रिपोर्टमधली प्रत्येक ओळ या एकाच साखळीतून आली आहे.

याच वेळात उलटंही घडतं. साखर असेल तर जिवाणू ती खातात आणि ती कमी दिसते. कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) उडून जातात. काविळीतलं बिलिरुबिन उजेडात नाहीसं होतं. किडनीच्या आजाराचा मोठा पुरावा म्हणजे कास्ट, किडनीच्या नळ्यांत घडलेले बारीक साचे, ते अल्कली लघवीत विरघळतात. तांबड्या आणि पांढऱ्या पेशी फुटतात. म्हणजे उशिराची डबी नसलेला आजार दाखवू शकते, आणि असलेला आजार लपवूही शकते. दुसरी बाजू जास्त वाईट, कारण त्या रिपोर्टवर कोणी परत तपासायला जात नाही.

असा रिपोर्ट हातात आला की बॅक्टेरिया आणि पस सेल ही जोडी एकत्र वाचायची. खऱ्या संसर्गात शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, त्यामुळे दोन्ही बहुधा सोबत वाढलेले असतात. बॅक्टेरिया भरपूर आणि पस सेल नाममात्र, असं दिसलं तर पहिला संशय सॅम्पलवर घ्यावा आणि ताजी लघवी पुन्हा द्यावी. तुम्ही तेच केलंत, ते बरोबर झालं.

नियम साधा आहे: लघवी घेतल्यापासून तासाभरात तपासली जावी, फार तर दोन तासांत. तेवढ्यात पोचणं शक्य नसेल तर २ ते ८ अंशांत ठेवावी. डबीचं झाकण घट्ट करून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि बर्फाचे तुकडे टाकलेल्या थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात न्यायची. फ्रीझरमध्ये नको, पेशी फुटतात. मोटारसायकलच्या डिकीत तर अजिबात नको, उन्हात ती भट्टी होते. थंड लघवी गढूळ दिसली तरी घाबरू नका, थंडीने क्षार खाली बसतात. लॅबने ती खोलीच्या तापमानाला आणूनच तपासणीची पट्टी (रंग बदलणाऱ्या चौकोनांची) बुडवावी.

सगळ्यात सोपं म्हणजे लॅबमध्ये जाऊनच लघवी देणं. साध्या रुटीन तपासणीला सकाळची पहिलीच हवी असा हट्ट नाही. संसर्गाचा संशय असेल तर तीन-चार तास लघवी न करता जा, म्हणजे नायट्राइट तयार व्हायला मूत्राशयातच वेळ मिळतो.

प्रश्न (अमळनेर): लॅबवाले सांगतात, ‘मधली धार घ्या.’ पण बाईमाणसाने ती नेमकी कशी घ्यायची हे कोणी सांगत नाही. आणि चार वर्षांच्या मुलीची कशी घ्यायची?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे. ही गोष्ट काउंटरवर दोन मिनिटं देऊन सांगायची असते आणि तिथेच ती राहून जाते.

आधी हात साबणाने धुवा. डबीचं झाकण उघडून उताणं ठेवा, आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका. लघवीची जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा आणि स्वच्छ कापडाने टिपा. साबण राहिला किंवा डेटॉलसारखं काही वापरलं तर कल्चरमधले (जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीतले) जिवाणू मरतात आणि पट्टीचे रंगही बिघडतात. एका हाताच्या दोन बोटांनी त्वचेच्या घड्या बाजूला धरा आणि शेवटपर्यंत तशाच धरून ठेवा. पहिली धार सोडा. धार न थांबवता डबी मध्ये आणा, ३० ते ५० मिलिलिटर म्हणजे साधारण अर्धी डबी भरली की बाजूला घ्या, आणि उरलेली लघवी बाहेर होऊ द्या. डबीचा काठ अंगाला लागू नये.

हे नीट झालं की नाही ते रिपोर्टच सांगतो. ‘एपिथेलियल सेल’पुढे भरपूर लिहिलं असेल तर त्या बहुधा त्वचेच्या आणि योनीमार्गाच्या पेशी असतात. त्यांच्यासोबत आलेले पस सेलही तिथलेच असू शकतात. श्वेतप्रदर असेल तर असं हमखास होतं. पाळीच्या दिवसांत शक्यतो तपासणी टाळा, रक्त पॉझिटिव्ह येणारच. टाळता येत नसेल तर लॅबला तसं सांगून फॉर्मवर लिहून घ्या.

चार वर्षांची मुलगी सांगितलं की लघवी करते, म्हणून मधली धार जमते. तिला मांड्या फाकवून उलटं, म्हणजे भिंतीकडे तोंड करून बसवा, घड्या आपोआप बाजूला होतात. तान्ह्या बाळाला चिकट पिशवी लावतात. त्या पिशवीतल्या लघवीत काही सापडलं नाही तर संसर्ग नसल्याचा तो चांगला पुरावा. पण कल्चर पॉझिटिव्ह आलं तर तेवढ्यावर औषध सुरू करू नये, ते जिवाणू कातडीचेही असतात. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ कॅथेटरने, म्हणजे मूत्राशयात बारीक नळी घालून, लघवी घेतात.

डबी लॅबचीच घ्या. खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून लघवी आणली तर सिरपचा अंश उरून साखर दिसू शकते. ब्लीचिंगच्या पाण्याने धुतलेल्या बरणीतून साखर आणि रक्त दोन्ही खोटे पॉझिटिव्ह येतात.

प्रश्न (धुळे, डीएमएलटी या लॅब-तंत्रज्ञ अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी): पट्टीवर प्रोटीन एक प्लस आणि उष्णता-आम्ल चाचणीत काहीच नाही, असं आमच्याकडे वारंवार होतं. आता पट्ट्या आल्यावर या जुन्या चाचण्या शिकायच्या कशाला, असंही वाटतं. आणि लघवीची घनता मोजायचं युरिनोमीटर उन्हाळ्यात कमी दाखवतं का?

उत्तर: तिन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत: प्रत्येक चाचणी नेमकं काय मोजते?

पट्टीवरचा प्रोटीनचा चौकोन प्रोटीन थेट मोजत नाही. त्यात आम्ल पीएचला बांधून ठेवलेला रंगद्रव्याचा सूचक असतो. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) त्याला चिकटलं की तो पिवळ्याचा हिरवा होतो. लघवीच जास्त अल्कली असेल, किंवा पट्टी इतका वेळ बुडवून ठेवली की बफर (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) धुऊन गेला, तर अल्ब्युमिन नसतानाही तो हिरवा पडतो. म्हणून अशा सॅम्पलचा पीएच आधी बघा. ८ च्या वर असेल तर कारण तिथेच सापडलं.

उष्णता-आम्ल चाचणी करताना गढूळ लघवी आधी गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून घ्या. टेस्ट ट्यूब तीन चतुर्थांश भरा, बुडाशी धरा आणि तिरपी करून फक्त वरचा भाग तापवा. खालचा स्वच्छ भाग तुलनेला राहतो, या चाचणीची सगळी खुबी तीच. वर गढूळपणा आला तर ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्लाचे तीन-चार थेंब टाका. विरघळला तर तो फॉस्फेट, राहिला किंवा वाढला तर प्रोटीन. विद्यार्थी दोन ठिकाणी चुकतात. आम्ल टाकायचंच विसरतात, मग फॉस्फेटला प्रोटीन म्हणतात. किंवा आम्ल भसाभस ओततात, मग थोडं असलेलं प्रोटीनही विरघळून जातं. शिवाय फार अल्कली लघवीत अल्ब्युमिन गोठतच नाही. म्हणजे तुमच्या त्या सॅम्पलमध्ये पट्टी खोटी पॉझिटिव्ह आणि उष्णता चाचणी खोटी निगेटिव्ह, असं दोन्ही शक्य आहे. लघवी आधी किंचित आम्ल करून घ्या आणि मगच निकाल लिहा.

आता जुनं शिकायचं कशाला त्याचं उत्तर. समजा पट्टीवर प्रोटीन नाही, पण तापवल्यावर किंवा सल्फोसॅलिसिलिक आम्ल टाकल्यावर ठळक गढूळपणा येतो. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात येणारं बेन्स जोन्स प्रोटीन तिला दिसत नाही. ते ४० ते ६० अंशांना गढूळ होतं आणि उकळीला पुन्हा विरघळतं. कंबर दुखते, रक्त कमी आहे आणि पट्टी निल, अशा वयस्कर माणसात हा फरक तुम्ही डॉक्टरांच्या कानावर घातलात तर आजार कित्येक महिने आधी सापडू शकतो. बेनेडिक्ट या साखरेच्या जुन्या चाचणीचंही तसंच. ५ मिलिलिटर द्रावणात लघवीचे ८ थेंब, दोन मिनिटं उकळायचं. निळा म्हणजे साखर नाही, पुढे हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी लाल. पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, बेनेडिक्ट कुठलीही क्षपण करणारी साखर. तान्ह्या बाळाची पट्टी निगेटिव्ह आणि बेनेडिक्ट पॉझिटिव्ह आलं तर गॅलॅक्टोसेमियाचा (दुधातली साखर न पचण्याच्या जन्मजात आजाराचा) विचार करावा लागतो. तो वेळेत कळला तर दूध बंद करून बाळ वाचतं.

युरिनोमीटर उन्हाळ्यात कमी दाखवतंच. ते ज्या तापमानाला आखलेलं असतं ते त्याच्यावर छापलेलं असतं, १५ किंवा २० अंश. लघवी त्यापेक्षा दर ३ अंशांनी गरम असली की वाचनात ०.००१ मिळवायचे. मे महिन्यात पंख्याखालच्या टेबलावर लघवी ४१ अंशांवर असेल आणि उपकरण २० अंशांचं असेल, तर फरक २१, म्हणून ०.००७ मिळवायचे. वाचन १.०१५ असेल तर खरी घनता १.०२२. हा फरक बारीक नाही. एका आकड्याने ‘पाणी पुरेसं पितो’ असं वाटेल, दुसऱ्याने नाही. थर्मामीटर लघवीत बुडवा, भिंतीवरचा बघू नका. उपकरण हलकेच गिरकी देऊन सोडा, काचेला टेकलेलं असताना वाचू नका आणि पातळी खालच्या वक्राला वाचा. तसंच प्रत्येक १ ग्रॅम टक्का साखरेमागे ०.००४ आणि तेवढ्याच प्रोटीनमागे ०.००३ वजा करा.

पट्ट्यांची बाटली ३० अंशांखाली, कोरड्या जागी, झाकण लावून ठेवा. फ्रिजमध्ये नको, दमट होते. बहुतेक पट्ट्यांत ग्लुकोज ३० सेकंदांना, रक्त, प्रोटीन आणि नायट्राइट ६० ला, पांढऱ्या पेशींचा चौकोन २ मिनिटांनी वाचतात. आपल्या बाटलीवरचा तक्ता शेवटचा शब्द. पाच मिनिटांनी परत बघून बदललेल्या रंगाला काही अर्थ नाही.

प्रश्न (भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी): रक्तातली साखर जेवणानंतर १४०, आणि लघवीत मात्र चार प्लस. कोणता रिपोर्ट चुकला?

उत्तर: बहुधा कोणताच नाही. तुमच्या गोळ्यांची पाकिटं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी असेल तर तिचं कामच साखर लघवीवाटे बाहेर टाकणं हे आहे. एरवी रक्तातली साखर साधारण १८० ओलांडल्यावर लघवीत उतरते, या गोळीवर ती हद्द खाली येते. गोळी मनाने बंद करू नका. तिच्यावर असताना लघवीच्या साखरेवरून मधुमेहाचा हिशेब मात्र करू नका. लघवीच्या जागी खाज आली तर डॉक्टरांना सांगा. उलट्या, पोटदुखी, धाप असं झालं तर साखर नॉर्मल दिसली तरी लगेच दवाखाना गाठा, कीटोन तपासायला सांगा आणि ही गोळी चालू असल्याचं स्वतःहून बोला.

प्रश्न (चाळीसगाव): आमच्याकडे उन्हाळी लागणं नेहमीचंच. ताक, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी घेतलं की बरं वाटतं. मग तपासणी कधी करायची?

उत्तर: उन्हात राबून पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, घनता १.०२५ च्या वर जाते आणि जळजळते. अशा लघवीत पस सेल नसतात. भरपूर पाणी पिऊन एका दिवसात आग थांबली आणि रंग फिकट झाला, तर ती उन्हाळीच. तुमचे घरगुती उपाय चांगले आहेत, कारण प्रत्येकातून पाणी पोटात जातं.

पण संसर्गालाही आपल्याकडे उन्हाळीच म्हणतात, आणि तिथे दिवस जातात. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, लघवीत रक्त, सारखं जावंसं वाटून थेंब-थेंब होणं, यातलं एक जरी असेल तरी तपासणी त्याच दिवशी. गरोदर बाई, लहान मूल, पुरुष आणि मधुमेही यांनी साध्या जळजळीलाही थांबू नये. कल्चरची लघवी अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधीच द्या. गोळी घेऊन दिलेलं कल्चर अनेकदा ‘वाढ नाही’ असं येतं आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची संधी जाते.

रिपोर्टमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले म्हणजे मुतखडा झाला असं नाही. ते पाकिटासारखे चौकोनी स्फटिक निरोगी लघवीतही दिसतात, पालक किंवा टोमॅटो खाल्ल्यावर तर जास्तच. खडा सोनोग्राफीत दिसतो.

एका गोष्टीत अजिबात हयगय नको. केळीच्या बागेत किंवा बांधकामावर भर उन्हात दिवसभर काम केल्यावर अंग मोडून दुखतंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली आहे. पट्टीवर रक्त तीन प्लस, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबडी पेशी जवळजवळ नाही. हे बहुधा रक्त नसतं, फुटलेल्या स्नायूंतून आलेलं मायोग्लोबिन असतं. त्याने किडनी बंद पडू शकते. ‘पट्टीवर रक्त, पण पेशी नाहीत’ हे लॅबने ठळक लिहावं आणि रुग्णाला त्याच दिवशी सलाइनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावं.

प्रश्न (शहादा, आशा कार्यकर्ती): सिकलसेल लघवीतून कळतो का?

उत्तर: नाही. हा तांबड्या पेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, त्यासाठी रक्ताचीच सोल्युबिलिटी चाचणी आणि खात्रीसाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या तपासण्या). पण लघवीची तपासणी सिकलसेलच्या माणसाला फार उपयोगी आहे. किडनीच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त असतात, तिथे या पेशी वाकड्या होऊन अडकतात. त्यामुळे किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी कमी पिऊनही घनता १.०१० च्या आसपासच राहते. म्हणून या मुलांची लघवी फिकट दिसली तरी ‘पाणी पुरेसं आहे’ असं समजू नका. अंगातलं पाणी कमी होतंच, आणि त्यातून दुखण्याचा झटका येतो. दहा वर्षांचं पोर अंथरूण ओलं करतं म्हणून रागावणारे आईबाप सातपुड्याच्या पाड्यांवर भेटतील, त्यांना हे कारण जरूर सांगा. न दुखता लघवी लाल झाली तर दवाखान्यात पाठवा. वाहक (आजाराचा एकच जनुक असलेल्या) माणसांतही असं होतं. मोठ्या रुग्णांचं लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा बघावं.

प्रश्न (चोपडा): मधुमेहाला दहा वर्षं झाली. लघवीत अल्ब्युमिन ‘निल’ आहे, तरी डॉक्टर दरवर्षी मायक्रोअल्ब्युमिन का लिहितात?

उत्तर: साधी पट्टी साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम टक्क्याच्या खालचं अल्ब्युमिन पकडत नाही, आणि पाणी जास्त प्यायलात तर तेही पातळ होऊन निसटतं. म्हणून अल्ब्युमिनला लघवीतल्या क्रिएटिनिनने (रोज साधारण तेवढाच बाहेर पडणाऱ्या पदार्थाने) भागतात, पाण्याचा फरक निघून जातो. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक. ३० ते ३०० ही किडनीची पहिली हाक, आणि या पायरीवर औषधाने खूप काही थांबवता येतं. ताप, लघवीचा संसर्ग किंवा आदल्या दिवशी झालेले जड कष्ट यांनी आकडा वाढतो. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेला आला तरच तो पक्का धरतात. सकाळची पहिली लघवी दिलीत तर उत्तम.

प्रश्न (शिरपूर): लघवी एकदम केशरी झाली आहे, कावीळ असेल का?

उत्तर: टीबीची औषधं चालू असतील तर तो रिफाम्पिसिनचा रंग आहे, औषध सोडू नका. बी-कॉम्प्लेक्सने पिवळीधमक होते, बिटाने काहींची गुलाबी. यातलं काहीच नसेल, डोळे पिवळे असतील आणि लघवीला पिवळा फेस येत असेल, तर आजच तपासा. सॅम्पल उजेडापासून झाकून न्या.

प्रश्न (रावेर): २४ तासांची लघवी सकाळी सातपासून जमवायची आहे. सातची लघवी कॅनमध्ये घ्यायची की नाही?

उत्तर: नाही. आज सातला मूत्राशय रिकामं करून ती लघवी टाकून द्या आणि ती वेळ कॅनवर लिहा. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, शौचाला जातानाचाही: आधी लघवी वेगळ्या भांड्यात करून घ्या, मग शौचाला बसा. उद्या सातची लघवी मात्र कॅनमध्ये घ्या आणि तिथे थांबा. दोन्ही दिवसांची सातची घेतली तर २४ तासांच्या नावावर तीसेक तासांची लघवी जाते आणि प्रोटीनचा आकडा फुगतो. एकदा जरी बाहेर गेली तर ‘थोडीच होती’ म्हणून दडवू नका, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करा. कॅन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रिज नसेल तर बर्फाच्या बादलीत. लॅबने त्यात आधीच आम्ल टाकून दिलं असेल तर कॅनमध्ये थेट लघवी करू नका, शिंतोड्याने भाजतं. भांड्यात घेऊन कडेने हळू ओता.